अनुभवाने एसटीचं तिकीट निघत नाही

महाविद्यालयांच्या सभागृहांत सध्या एक वाक्य जोरात चालतं : "पैशाकडे बघू नका, अनुभवाकडे बघा." बोलणारे पाहुणे नागपूर नाहीतर पुण्याहून आलेले असतात. त्यांची गाडी बाहेर कडुनिंबाच्या सावलीत उभी असते. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधनाचं पाकीट आयोजकांनी आधीच तयार ठेवलेलं असतं, शाल-श्रीफळ वेगळं. समोर भंडारा जिल्ह्यातल्या एकोडी, सानगडी, सेंदुरवाफ्याहून आलेली पोरं-पोरी बसलेली असतात आणि पाहुणे त्यांना समजावतात, की पैसा ही दुय्यम गोष्ट आहे. तासाभराच्या भाषणाचे पैसे घेऊन फुकट कामाची महती सांगायची म्हणजे धाडस लागतं, एवढं मान्य करायलाच हवं.

हे मत एकट्यादुकट्याचं नाही. प्राध्यापकांच्या खोलीत, पालकांच्या सभेत, उद्योजकांच्या मुलाखतीत तेच ऐकू येतं. तेव्हा ते त्याच्या पूर्ण तोऱ्यात मांडू. खेड्यातल्या पोरांकडे पदवी आहे, पण कौशल्य नाही. त्यांना धड ईमेल लिहिता येत नाही. अशा पोराला कुणी आपल्या ऑफिसात बसू देतं हेच मोठे उपकार, वर त्याला पैसे कशाचे द्यायचे? आम्हीही सुरुवातीला फुकट राबलो, म्हणून आज इथवर पोचलो. ज्याला शिकायचं आहे तो कसाही करून पुणं गाठतो. साकोली तालुक्यात बसून कुणाला काय शिकायला मिळणार? आणि या पोरांना शिकायचं तरी कुठे आहे, त्यांना फक्त फायलीवर शिक्का हवा असतो.

ऐकायला सगळं बिनतोड वाटतं. आता एकेक वाक्य हातात घेऊन बघू.

आधी 'फुकट' या हिशेबापासून सुरुवात करू, कारण तिथेच पहिली थाप आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप हौसेची बाब राहिलेली नाही. यूजीसीच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदवीच्या चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सक्तीची केली आहे. आपल्याकडची पोरं तिला 'ओजेटी' म्हणतात. एक श्रेयांक म्हणजे ३० तास, चार श्रेयांक म्हणजे १२० तास. रोजचे आठ तास धरले तर पंधरा दिवस झाले. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. पंधरा दिवसांचे ४,६८० रुपये होतात. सरकारनेच ठरवलेल्या साध्या मजुरीच्या भावाने एकोडीच्या पोरीच्या 'फुकट' कामाची ही किंमत झाली.

यात ती कधी काम करते तेही बघा. कॉलेजला सुटी लागते ती उन्हाळ्यात. आमच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे रानात जायचं, दुपारपर्यंत पानं आणायची, घरभर बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांचं उन्हाळी धान त्याच दिवसांत कापणीला येतं. जून उजाडला की पऱ्हे टाकायचे, जुलैत रोवणी. पुण्याच्या मुलाची सुटी मोकळी असते, आमच्या पोरांची सुटी हाच कमाईचा मोसम असतो. पुढच्या वर्षाची फी आणि वह्या-पुस्तकं त्यातून निघतात. या पोरीला पंधरा दिवस कुणाच्या तरी ऑफिसात नोंदी चढवायला बसवलं, की तिने नुसता वेळ दिला असं होत नाही. घरात येणारे पैसे तिने सोडलेले असतात. म्हणजे ती त्या मालकाला पैसे देऊन काम करत असते. मग उपकार नेमके कुणाचे कुणावर?

एसटीचा प्रश्न तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. विद्यार्थ्यांना मिळणारा सवलतीचा मासिक पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. ओजेटी कॉलेजच्या गावी नसेल, भंडाऱ्यात किंवा आणखी कुठे असेल, तर तो पास कंडक्टरपुढे धरून उपयोग नाही. मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलांना पूर्ण. साकोली ते भंडारा चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. कंडक्टरला "अनुभव मिळतोय, तोच घ्या" असं सांगून बघावं एकदा पाहुण्यांनी.

आता दुसरा मुद्दा : त्यांना काही येत नाही, मग पैसे कशाचे? हा मुद्दा मांडणाऱ्यांनी शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा ऐकलेलाच नसतो, किंवा ऐकून विसरलेला असतो. आयटीआय करून कारखान्यात जाणाऱ्या अप्रेंटिसलाही पहिल्या दिवशी फारसं काही येत नसतं. शिकाऊ म्हणजेच न येणारा. तरी त्याला विद्यावेतन द्यावं लागतं, कायद्याने. २०१९ च्या दुरुस्तीने पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरवून दिले. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर असे उमेदवार घेण्याचं बंधनही आहे. म्हणजे 'शिकतोय म्हणून पैसे नाहीत' हे तत्त्व या देशाने साठ वर्षांपूर्वीच निकालात काढलं. मात्र त्याच पोराला अप्रेंटिस न म्हणता इंटर्न म्हटलं, की तो कायद्याच्या कुंपणाबाहेर पडतो. काम तेच, टेबल तेच, वरचा साहेब तोच. फरक एवढाच, की महिनाअखेरीस एकाच्या खात्यात पैसे येतात आणि दुसऱ्याच्या हातात प्रमाणपत्र.

सरकारच्या घरातही या बाबतीत दोन चुली आहेत. परराष्ट्र मंत्रालय आपल्या इंटर्नला महिन्याला १०,००० रुपये आणि गावाकडून दिल्लीला येण्याजाण्याचं विमानभाडं देतं. नीती आयोगाच्या योजनेत मात्र काही नाही. एकाच राजधानीतल्या दोन कार्यालयांपैकी एकाला कळतं, की दूरच्या पोराला दिल्लीत राहायला पैसे लागतात, आणि देशाच्या विकासाचे आराखडे करणाऱ्या दुसऱ्याला ते कळत नाही. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा लांब इंटर्नशिपला मानधन सक्तीचं आहे. अमेरिकेच्या व्हाइट हाउसनेही २०२२ च्या शरद ऋतूपासून इंटर्नना पैसे द्यायला सुरुवात केली. तोवर तिथेही हेच चालायचं आणि तिथेही बहुतेक फुकट राबू शकणाऱ्या घरांतली मुलं यायची. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणं हे संविधानाच्या कलम २३ मधल्या वेठबिगारीत धरलं. तो निकाल मजुरांबद्दल होता, विद्यार्थ्यांबद्दल नव्हे, हे ठाऊक आहे. पण विद्यार्थी म्हणून आत घेतलेल्या पोराकडून आठ तास मजुराचंच काम करून घेतलं जात असेल, तर त्याला कोणत्या बाजूला बसवायचं, हे फुकट काम घेणाऱ्यांनीच सांगावं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त चीड आणतो : "आम्हीही फुकट राबलो." राबला असाल. पण कुणाच्या घरी राहून? भावाच्या, मामाच्या, आत्याच्या. कुणाच्या ताटात जेवून? जुना उस्ताद शागिर्दाला पगार देत नसेल, पण दोन वेळ जेवू घालायचा आणि हातात हत्यार द्यायचा. आजचा मालक दोन्हींपैकी काय देतो? आणि तुमच्याबरोबर जे फुकट राबायला आले, पण तिसऱ्या महिन्यात खोलीभाडं भागेना म्हणून गावी परतले, त्यांना कोणत्या सभागृहाने भाषणाला बोलावलं? व्यासपीठावर उभा राहतो तो टिकलेला. न टिकलेल्यांची साक्ष काढायची कुणी, आणि ती न काढता 'फुकट राबल्याने माणूस घडतो' असा निष्कर्ष काढायचा कसा?

अमेरिकेत महाविद्यालयं आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या यांची 'नेस' नावाची एक संघटना आहे. पैसे मिळणाऱ्या इंटर्नना पुढे नोकरीचे प्रस्ताव बिनपैशाच्या इंटर्नपेक्षा जास्त मिळतात, असं तिच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. यात आश्चर्य काय? ज्याच्यावर पैसे खर्च होतात त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर त्याला शिकवावं लागतं. ज्याच्यावर काहीच खर्च नाही त्याला झेरॉक्स काढायला पाठवलं काय किंवा दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवलं काय, कुणाचं काय जातं?

मग पुण्याचा मुद्दा. ज्याला शिकायचंय तो पुणं गाठतो म्हणे. पुणं गाठणं म्हणजे काय, तर कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं-पाच जण, डिपॉझिट आगाऊ, खानावळीचा डबा आणि बसचा पास. घरी एकरभर धान आणि बापाची मजुरी असेल तर हे कोणत्या खिशातून येणार? याचा दाखला सरकारच्याच आकड्यांत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी ती आखणी. पहिल्या फेरीत ८२ हजारांवर प्रस्ताव दिले गेले, २८ हजारांच्या आसपास तरुणांनी ते स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते ८,७०० च्या घरात. लगेच काही मंडळींनी कपाळाला हात लावला : बघा, आजच्या पोरांना कष्टच नकोत! पण पोरांनी दिलेल्या कारणांत गावापासूनचं अंतर होतं आणि बारा महिन्यांचा कालावधी होता. पाच हजारांत परक्या शहरात वर्ष काढायचं गणित त्यांनी करून बघितलं आणि ते जमेना. हे गणित करता येणाऱ्या पोराला अडाणी म्हणायचं का? शिवाय त्या फेरीत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना प्रवेशच नव्हता. म्हणजे ज्या मुलीला यूजीसी इंटर्नशिप सक्तीची करते, तिला केंद्राचे हे पाच हजारही बंद होते.

आणि आता तो मुद्दा, जो ऐकून आमच्याकडचे लोकही मान डोलावतात, याचं मला जास्त वाईट वाटतं : इथे शिकण्यासारखं आहेच काय? मुंडीपारजवळ भेलच्या प्रकल्पाची पायाभरणी २०१३ मध्ये झाली, जमिनी गेल्या आणि ठरलेला कारखाना काही उभा राहिला नाही. तेव्हापासून आमच्या भागात एक निराशा मुरली आहे, की काम म्हणजे बाहेरून येणारं काहीतरी. ते येत नाही तोवर इथे शून्य.

हे शून्य खरं आहे का ते बघायला एकदा हंगामात धान खरेदी केंद्रावर वाणिज्य शाखेच्या पोराला आठ दिवस उभं करा. नुसतं बघायला नव्हे, वही घेऊन. शेतकऱ्याची नोंदणी सातबाऱ्यावरून आणि ई-पीक पाहणीवरून होते, तिथे नावात एक वेलांटी चुकली तर काय होतं ते त्याला दिसेल. ओलावा मोजायचं यंत्र धानात खुपसतात. १७ टक्क्यांच्या वर आकडा गेला की माल परत, आणि ढगाळ दिवशी तो आकडा कसा चढतो हे पुस्तकात नाही. कट्टा भरतात ४० किलोचा, पण बारदानाचं वजन कुणाच्या नावावर धरायचं यावर काट्यापाशी रोज वाद होतो. तो वाद म्हणजे लेखापालनाचा पहिला धडा आहे. मग माल गोदामात जातो, तिथून राईस मिलला भरडाईसाठी, आणि क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारजमा करावा लागतो. कणी किती, कोंडा कुणाचा, वाहतूक कुणाची, बँकेची उचल किती आणि शेतकऱ्याचे चुकारे का थकले? एवढे प्रश्न सोडवता आले तर त्या पोराला मालसाठा, उधारी, घट, हमीभाव आणि सरकारी देयकं यांतलं जे कळेल, ते पुण्याच्या एखाद्या काचेच्या इमारतीत एक्सेलचे रकाने भरून महिन्यातही कळणार नाही. साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. तो शेतकऱ्याच्या खात्यात पोचेपर्यंतचा रस्ता हा अर्थशास्त्राचा अख्खा पेपर आहे.

साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, भाताचं संशोधन केंद्र आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प शेजारी आहे. तुमसरकडे मॉइलच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना, पवनीकडे गोसीखुर्द धरण. गावागावांत सेवा सहकारी संस्था आहेत, दूध संकलन आहे, आरोग्य केंद्रं आहेत. उणीव जागेची नाही. शिकवायचं कुणी आणि पैसे कुणी द्यायचे, हे ठरवायची तयारी नाही, एवढीच अडचण आहे.

खेड्यात हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी कृषी महाविद्यालयांकडे बघावं. ग्रामीण कार्यानुभवासाठी सातव्या सत्राची पोरं गावात येतात, लोक त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचं बियाणं टाकायचं. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून फेकायचे, तळाचं बियाणं स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. हे प्रात्यक्षिक पोरगी करते तेव्हा समोर चाळीस वर्षं धान लावलेला बाबा उभा असतो आणि विचारतो, "बाई, थे मीठ रायलं त पऱ्हे जरते का नाही?" त्याला उत्तर द्यायचं म्हणजे खरी तोंडी परीक्षा. तिथे शेतकरी ठरलेला असतो, देखरेख करणारा प्राध्यापक ठरलेला असतो, नोंदवही तपासली जाते. बीएडच्या छात्रसेवाकालातही वर्गशिक्षकासमोर उभं राहून शिकवावं लागतं. म्हणजे शिकवणारा नेमून देता येतो, हे आपल्याच विद्यापीठांना ठाऊक आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पोरांपर्यंत आलं की हे ज्ञान कुठे जातं?

शिक्क्याचा आरोप राहिला. होय, फायली बघितल्यात. महिन्याभराची हजेरी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच तिरक्या सहीने भरलेली असते. अहवालातला 'संस्थेचा परिचय' वेगवेगळ्या मुलांच्या फायलींत स्वल्पविरामासकट सारखा. झेरॉक्सच्या दुकानात तयार मुखपृष्ठ मिळतं, फक्त नाव बदलायचं. हे चूक आहे. पण ही चूक कुणी शिकवली? शेकडो विद्यार्थ्यांना एकाच महिन्यात "जागा तुम्हीच शोधा" म्हणून सोडून दिलं, भेटीला एकही प्राध्यापक गेला नाही, आणि फाईल वेळेत आली एवढ्यावर श्रेयांक वाटले. मालकाने शिकवलं नाही, कॉलेजने पाहिलं नाही, पैसे कुणी दिले नाहीत. पोराने तेवढ्यावर प्रामाणिकपणे १२० तास भरावेत अशी अपेक्षा! ज्या व्यवहारात बाकी सगळेच नाटक करतात, त्यात एकट्या विद्यार्थ्याला नाटकी म्हणणं सोपं असतं.

आणि हे सगळं महाराष्ट्रात चाललं आहे, याची लाज वाटायला हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही वाट दाखवली. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली त्याच पायावर उभं राहिलं. तिथे हाताने काम करणाऱ्या गरीब मुलाचं शिक्षण त्या कामातून निघायचं. आमच्याच विदर्भात, वर्ध्याला, १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हाही हातकामाची किंमत होईल असं गृहीत धरलेलं होतं. त्या वेळी त्यावर आक्षेप आला तो मुलांच्या श्रमाचं शोषण होईल की काय याचा. आज श्रमाचं मोल शून्यावर आणून ठेवलं आहे आणि आक्षेप घेणाऱ्यालाच आळशी म्हणतात. कमवा आणि शिका या तीन शब्दांतला पहिला शब्द कुणी खोडला?

पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न खोटा आहे. मोठ्या कंपन्यांकडे कायद्याने सामाजिक जबाबदारीचा दोन टक्के निधी असतो. पंतप्रधान योजनेतल्या पाच हजारांपैकी पाचशे रुपये त्यातूनच यायचे ठरले, आणखी येऊ शकतात. सहकारी संस्था, गिरणी, दुकान यांना पंधरा दिवसांचे साडेचार-पावणेपाच हजार जड जात असतील, तर त्यांना त्या कामाची गरज नाही असाच अर्थ होतो, मग पोराला तिथे पाठवू नये. आणि जिथे काम खरंच आहे, तिथे ते फुकट मिळतंय म्हणून दुसऱ्या कुणाला पगारावर घेतलं जात नाही. एकाच गावातली दोन पोरं त्यात मरतात.

इंटर्नशिप हवीच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पोरांना तर जास्तच हवी, कारण त्यांच्या घरात ऑफिस पाहिलेला माणूस बहुधा नसतो. म्हणूनच ती भाडोत्री भाषणांवर आणि कोऱ्या शिक्क्यांवर सोडून चालणार नाही. एकोडीतल्या आणि आसपासच्या आईबापांना आणि कॉलेजच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. ओजेटीच्या अर्जावर सही करण्याआधी त्यात दोन गोष्टी लिहून घ्या : शिकवणाऱ्या माणसाचं नाव आणि द्यायची रक्कम. या दोन जागा कोऱ्या असतील, तर अर्ज परत करा.